दुखण्याचा पहिला दिवस

2025 च्या श्रावणातली एक संध्याकाळ. कुसगावावर ढग उतरले होते. आमच्या धर्मग्रामातला एक गृहस्थ प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन दारात उभा राहिला. 2021 साली करोनाची लस घेतल्यावर त्याच्या आईच्या पायांतली शक्ती गेली; आज ती वॉकर धरून घरातल्या घरात फिरते. डॉक्टरांनी कागदावर लिहिलेले गियाँ-बारे हे नाव घरच्यांच्या विस्मरणात गेले होते. 2025 च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्त्यावर त्याच आजाराची साथ आली, जीबीएस हा शब्द घरोघरी पोहोचला आणि मुलाने जुनी पेटी उघडली. नुकसानभरपाई मागायची, असे त्याने मनाशी घेतले होते. मुदतीचे काय ते वकील सांगणार होता.

“फादर, एक पत्र द्या. लस घेतली त्याच रात्री आईचे पाय गेले, असं लिहा. तुमचा शब्द कोण खोटा ठरवणार?”

पत्र द्यावेसे आम्हांला वाटले, हे कबूल करतो. लस घ्या, असे वेदीवरून आम्हीच सांगितले होते. लशीने असंख्यांचे प्राण राखले, हे ठाऊक असूनही त्या माउलीपुढे आमची नजर खाली जाते. शिवाय आमच्याही स्मरणात तसेच होते: लस, आणि लागलीच अंथरूण.

तरी दैनंदिनी काढली. बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या सांभाळण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला तारीख पाहिल्यावाचून सही करवत नाही. प्रमाणपत्रावर दुसऱ्या डोसची तारीख होती 9 नोव्हेंबर. आमच्या वहीत 8 डिसेंबरला, निष्कलंक मातेच्या सणाला, ती चालत येऊन शेवंतीची फुले ठेवून गेल्याची नोंद. आणि 21 डिसेंबरला तिच्या घरी ख्रिस्तप्रसाद नेल्याची. म्हणजे दुखणे त्या तेरा दिवसांतले. आमचे स्मरण महिनाभर मागे सरकले होते, मुलाचेही.

“मग संपलंच,” तो म्हणाला.

आम्ही ओळखीच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांचे म्हणणे उलटेच निघाले. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते, आणि त्याला दिवस लागतात. अमेरिकेत 1986 च्या कायद्याने लशीच्या इजेला भरपाई मिळते. तेथील तक्त्यात फ्लूच्या लशीनंतर जीबीएसचे पहिले लक्षण 3 ते 42 दिवसांत दिसावे लागते. त्याआधी दिसले, तर दुखण्याचे मूळ दुसरीकडे शोधतात. ‘त्याच रात्री’ हे ज्याला भक्कम वाटत होते, तेच दाव्याच्या मुळावर येणारे! तेथे दावेदाराचा नुसता शब्द पुरत नाही. पण दवाखान्याच्या कागदात तारीख नसली, तरी इतर पुराव्यावरून ती ठरवता येते. कोविशिल्डच्याच जातीच्या लशीचा अतिदुर्मिळ दुष्परिणाम म्हणून युरोपच्या औषध संस्थेने सप्टेंबर 2021 मध्ये हा आजार नोंदवला.

आपल्याकडे केंद्र सरकारने नोव्हेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगितले, की अशा कुटुंबांनी दिवाणी न्यायालयात जावे. त्याच वर्षी औरंगाबादच्या एका पित्याची याचिका मुंबई उच्च न्यायालयात आली होती. त्याची मुलगी स्वतः डॉक्टर. 28 जानेवारी 2021 ला लस, 5 फेब्रुवारीला असह्य डोकेदुखी, 1 मार्चला मृत्यू. त्या घराच्या दुःखाला निदान तारखा तरी होत्या.

डॉक्टरांनी एक प्रश्न आणखी विचारला: पुण्यातली साथ दूषित पाण्यातून, पोटाच्या संसर्गातून आली, तेव्हा आईला आधीच्या दोन-तीन आठवड्यांत जुलाब झाले होते का?

तो बराच वेळ गप्प राहिला. “मामाकडच्या लग्नाहून आलो, तेव्हा. दोन दिवस. नोव्हेंबर संपत आला होता.” मग हळूच, “हे सांगायलाच हवं का?”

“विचारले तर सांगावेच लागेल,” आम्ही म्हणालो. आमच्या आवाजात जोर नव्हता.

पत्रात आम्ही दोनच तारखा लिहिल्या: या दिवशी चालताना पाहिली, या दिवशी अंथरुणावर. त्याने ते दोनदा वाचले, घडी घातली.

“रिक्षात चढताना तिला पाय उचलता येईना, तो दिवस मला आठवतो, फादर. सकाळी गॅसचा सिलिंडर आला होता.”

आता तो ती पावती शोधतो आहे.