काच स्वस्थ बसते काय?

स्थिर आणि चंचल असा वस्तूंचा जो भेद आपण व्यवहारांत करतों, तो पुष्कळदां वस्तूंचा नसून आपल्या दृष्टीचा असतो. वाहत्या कृष्णेस आपण चंचल म्हणतों आणि तिच्या घाटाचा दगड स्थिर मानतों. माधवनगरांतील आमच्या घरीं बसून बाहेर पाहतांना आम्हांसही वाटतें कीं, रस्त्यावरचें जग धांवत असलें तरी मधली खिडकीची काच तेवढी स्वस्थ आहे. कित्येक सुशिक्षित मंडळी याच्या उलट सांगतात. त्यांच्या मतें काच हा एक घट्ट द्रवच असून ती वर्षानुवर्षें ओघळते, आणि म्हणूनच जुन्या तावदानांची खालची कड जाड असते! ही दंतकथा होय. जुन्या रीतीनें केलेली काच मुळांतच कमीजास्त जाडीची निघे. परंतु दंतकथा खोटी ठरली म्हणून प्रश्न सुटत नाहीं. काचेच्या पोटांत अणु हलतात कीं नाहीं, हें पाहावें कसें?

या पाहण्याचा ओनामा घरच्या घरीं गिरवितां येतो. व्याख्यानांत फळ्यावरचा मुद्दा दाखविण्यास लेसरचा जो लहानसा तांबडा दिवा वापरतात, त्याचा किरण भिंतीवर टाकावा. डोळ्यांत मात्र जाऊं देऊं नये. भिंतीवरचा प्रकाश एकसारखा न दिसतां रव्यासारखा कणीदार दिसेल. साध्या दिव्याच्या लाटा बाजारांतील गर्दीप्रमाणें ज्याच्या त्याच्या चालीनें जातात. लेसरच्या लाटा दिंडींतील वारकऱ्यांप्रमाणें एका तालावर पावलें टाकतात. अशा प्रकाशास शास्त्रांत कलासंबद्ध म्हणतात. खडबडीत भिंतीवरून परतणाऱ्या या लाटा कोठें एकमेकींस मिळून उजेड करतात, कोठें एकमेकींस पुसून अंधार करतात. त्याचीच ती नक्षी. आतां पेलाभर पाण्यांत दुधाचे दोनचार थेंब टाकून त्यांतून तोच किरण पाठवावा. पलीकडे पडणारी नक्षी आधणाच्या पाण्यासारखी खदखदूं लागते. दुधांतील स्निग्ध कण हलतात, म्हणून नक्षी हलते. ती किती वेळांत बदलते हें मोजलें कीं, कणांची चाल कळते.

परंतु अणूंसाठीं हा प्रकाश फार मोठा पडतो. दोन अणूंमधील अंतराच्या कित्येक सहस्रपट त्याच्या लाटेची लांबी! तेथें क्ष-किरणच हवेत, आणि तेही तालांत चालणारे. असे किरण सिंक्रोट्रॉन नांवाच्या यंत्रांत मिळतात. त्यांत इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या जवळजवळ वेगानें वर्तुळाकार फिरतात आणि चुंबकांनीं त्यांचा मार्ग वळविला कीं प्रकाश फेंकतात. आपल्याकडे होळकरांच्या इंदुरांत १९८४ सालीं स्थापन झालेल्या संस्थेंत ही विद्या रुजली. डॉ. दिलीप भवाळकर हे तिचे संस्थापक संचालक. तेथील इंडस-१ हें यंत्र १९९९ सालीं आणि सुमारें १७२ मीटर परिघाचें इंडस-२ हें २००५ सालीं प्रकाश देऊं लागलें.

अशा प्रकाशाचाही लहानसा अंशच तालांत चालतो. तो निवडण्यासाठीं मिलिमीटरच्या कांहीं सहस्रांश भागाएवढ्या छिद्रांतून किरण घ्यावे लागले. १९९१ सालीं अमेरिकेंत मार्क सटन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तांबें आणि सोनें यांच्या स्फटिकावर क्ष-किरणांची ती कणीदार नक्षी प्रथम पाहिली. १९९५ सालीं ग्लिसरिनमध्यें तरंगणाऱ्या सुवर्णकणांची चाल याच युक्तीनें मोजली गेली. पुढें फ्रान्समधील ग्रेनोबल येथें, ८४४ मीटर परिघाच्या यंत्रावर, बीट्रिस रूटा व त्यांच्या सहकाऱ्यांनीं थेट काचेसच हात घातला. खिडकीच्या काचेची जवळची बहीण म्हणावी अशा एका काचेंतील अणु कांहीं मिनिटांच्या अवधींत जागा बदलतात, असें त्यांनीं २०१४ सालीं प्रसिद्ध केलें. ज्या काचेस आपण निपचित समजतों, तिच्या पोटांत एवढी लगबग!

कोणीही येथें विजयाचा डंका वाजविला असता. या मंडळींनीं मात्र एक प्रश्न स्वतःस विचारला: हे अणु आपण होऊन हलतात, कीं आपला प्रकाशच त्यांस हलवितो? त्यांनीं किरणांचें तेज कमीजास्त करून मोजणी केली. तेज मंद केलें तसे अणु मंदावले. वाढविलें तसे ते त्वरा करूं लागले. म्हणजे या काचांतील लगबग बरीचशी पाहणाऱ्यानेंच निर्माण केलेली होती! २०१७ सालीं त्यांनीं हेंही तितक्याच स्पष्टपणें छापलें. धातूंच्या काचांत मात्र तेज कितीही बदललें तरी चाल तीच राहिली; ती हालचाल धातूची स्वतःची. आमच्या खिडकीच्या स्वस्थपणास त्यामुळें तूर्त बाध आलेला नाहीं.

मास्तरकींत केस पिकलेल्या आम्हांस या शोधाचें नवल वाटलें, त्याहून अधिक त्यांत ओळख पटली. वर्गांत सरळ उत्तरें देणारा विद्यार्थी तोंडी परीक्षेंत परक्या परीक्षकापुढें घुटमळतो. परीक्षक त्याच्या नांवापुढें अज्ञान नोंदवितात. वस्तुतः त्यांनीं मोजलेली असते ती स्वतःच्या नजरेची धग. घरोघरीं वडीलमंडळी मुलांकडे, सासरची माणसें नव्या सुनेकडे अशाच प्रखर दिव्यानें पाहतात, आणि मग ‘हिचा स्वभावच असा’ म्हणून निकाल देऊन मोकळीं होतात.

म्हणून पाहणेंच सोडावें काय? तसें केल्यास विद्याही बुडेल आणि संसारही. ग्रेनोबलच्या मंडळींनीं दिवा विझविला नाहीं. तो कमीजास्त करून पाहिला. परीक्षकासही हें सहज साधण्यासारखें आहे. प्रश्न एकदां करड्या आवाजांत विचारावा, एकदां हलक्या. दोन्ही वेळां उत्तर तेंच आलें, तर तें विद्यार्थ्याचें. बदललें, तर त्यांतील कांहीं भाग आपला आहे, एवढें धरून मगच गुण द्यावे.