हवेची वाट घासताना

गाडीचं सिलिंडर हेड घरच्या टेबलावर घेऊन पोर्टिंग, म्हणजे त्यातल्या हवेच्या वाटा (पोर्ट) घासून सुधारण्याचं काम, करणाऱ्यांपैकी मी एक आहे, आणि या कामाबद्दल माझं एक पक्कं मत झालं आहे. घरी जो फायदा मिळवता येतो तो जवळपास सगळा व्हॉल्व्हच्या सीटला लागून असलेल्या एखाद्या सेंटिमीटरमध्ये असतो. बाकीचं पोर्ट आरशासारखं चमकवण्यात घातलेला वेळ फारसं काही देत नाही. पोर्ट मोठं करण्यात घातलेला वेळ तर चांगलं इंजिन बिघडवूही शकतो. हे मत हवेत राहू नये म्हणून एक ओळखीचं इंजिन समोर ठेवतो: मारुती ८०० चं जुनं, कार्बोरेटरवर चालणारं ७९६ सीसीचं एफ८बी. तीन सिलिंडर, प्रत्येकाला दोन व्हॉल्व्ह, ॲल्युमिनियमचं हेड, वर एकच कॅमशाफ्ट. १९८३ च्या डिसेंबरात ही गाडी आली आणि २०१४ च्या सुरुवातीला तिचं उत्पादन थांबलं. इतकी वर्षं इतक्या गाड्या निघाल्या, की सरावासाठी एखादं जुनं हेड मिळवणं आजही अवघड नाही. शिकणाऱ्याने पहिला हात अशाच हेडवर चालवावा, चालत्या गाडीच्या हेडवर नव्हे.

आधी पोर्ट मोठं करण्याचा मोह पाहू. या इंजिनाचा बोअर ६८.५ मिलिमीटर आणि स्ट्रोक ७२. मिनिटाला ५,००० फेऱ्यांना पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १२ मीटर येतो. इनलेट पोर्टचा व्यास हिशेबापुरता २६ मिलिमीटर धरला, तर पिस्टनचं क्षेत्रफळ त्याच्या सुमारे सातपट होतं, म्हणजे पोर्टमधली हवा सेकंदाला साधारण ८३ मीटरने धावते. आता ग्राइंडरने चौफेर दीड मिलिमीटर धातू काढून तेच पोर्ट २९ चं केलं, की क्षेत्रफळ २४ टक्क्यांनी वाढतं आणि वेग ६७ वर उतरतो. शहरात गाडी ज्या २,५०० फेऱ्यांच्या आसपास चालते, तिथे हाच वेग ४२ वरून ३३ होतो. हा वेग इंजिनाच्या कामाचा असतो. पिस्टन तळाला पोचून परत वर यायला लागतो तेव्हाही इनलेट व्हॉल्व्ह काही अंश उघडाच असतो, आणि त्या क्षणी हवेला आत ढकलणारी तिच्या स्वतःच्या वेगाखेरीज दुसरी शक्ती नसते. वेग ८३ वरून ६७ झाला म्हणजे किलोमागे त्या हवेची गतिज ऊर्जा ३५ टक्क्यांनी घटली. शिवाय कार्बोरेटरचं पेट्रोल थेंबांच्या रूपात याच हवेबरोबर वाहतं. हवा मंदावली की थेंब भिंतीवर बसतात आणि मिश्रण बिघडतं. शर्यतीचं इंजिन सतत वरच्या फेऱ्यांत ठेवतात, म्हणून तिथे मोठं पोर्ट शोभतं. ऑफिसला जाणाऱ्या गाडीत तेच पोर्ट सिग्नलवरून उचलताना अडखळतं.

आता चकाकीचा हिशेब. पंचवीसेक मिलिमीटर व्यासाचं आणि दहा सेंटिमीटर लांबीचं पोर्ट घ्या. हवेच्या या वेगाला प्रवाह पूर्ण खळबळीचा असतो. नळीतल्या घर्षणाचं नेहमीचं गणित मांडलं, तर वाळूच्या साच्यातून निघालेल्या खरबरीत भिंतीमुळे वाया जाणारी ऊर्जा हवेच्या गतिज ऊर्जेच्या साधारण बारा ते पंधरा टक्के निघते. ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासलेल्या भिंतीवर ती आठ टक्क्यांच्या आसपास येते, आणि आरशासारख्या भिंतीवर सातच्या आसपास. याउलट व्हॉल्व्हला वळसा घालून हवा सिलिंडरमध्ये फुटते तिथे तिची जवळपास सगळी गतिज ऊर्जा एकदमच विरून जाते. मोठा तोटा तिथे आहे. वाळूच्या ओतकामाची गाठी-पुटकुळ्यांची भिंत साफ केली तर एक-दोन टक्के हवा वाढेल. ८० नंबरपासून आरशापर्यंतच्या घासाईने पाव टक्काही हाती लागत नाही, आणि कार्बोरेटरच्या इंजिनात तर थोडा खरखरीत इनलेटच बरा, कारण गुळगुळीत भिंतीवर पेट्रोलचा थर सलग पसरतो. म्हणून इनलेट मी ८० ते १२० नंबरवर थांबवतो. एक्झॉस्टची गोष्ट निराळी. तिथे पेट्रोलचे थेंब नसतात, उलट काजळी बसते, आणि गुळगुळीत भिंतीवर ती कमी धरते. त्यामुळे एक्झॉस्ट चमकवायला माझी हरकत नाही, फक्त त्यातून ताकद वाढेल अशी अपेक्षा ठेवू नये.

मग काम कुठे करायचं? व्हॉल्व्ह उघडताना हवेला मिळणारी खरी वाट म्हणजे व्हॉल्व्हची कड आणि सीट यांच्यामधली गोल फट. ३२ मिलिमीटरचा व्हॉल्व्ह २ मिलिमीटर उचलला, तर ही फट ढोबळमानाने २०० चौरस मिलिमीटर होते. २६ च्या पोर्टचं क्षेत्रफळ ५३० आहे. व्हॉल्व्ह सव्वापाच मिलिमीटर उचलला जाईपर्यंत फट पोर्टपेक्षा अरुंदच राहते, आणि प्रत्येक उघडझापीत व्हॉल्व्हला तिथपर्यंत जावंही लागतं आणि परतावंही लागतं. म्हणजे बराच काळ पोर्टच्या रुंदीला काही महत्त्व नसतं, सीटच्या आकाराला असतं. सीटवर एकच ४५ अंशांचा काप असेल, तर तिच्या दोन्ही कडांवर हवा भिंत सोडून सुटते. वर ३० आणि खाली ६० अंशांचा काप दिला की ती हळूहळू वळते. हा काप घरी डोळ्यांच्या अंदाजाने देऊ नये. ते मशीन शॉपचं काम, आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरासारख्या इंजिनकामावर वाढलेल्या वस्त्यांत ते करणारे हात आहेत. घरचं काम सुरू होतं ते सीटच्या खाली. कारखान्यात ओतलेल्या पोर्टमध्ये वरून कटर उतरवून सीटखालची जागा साफ करतात. कटर थांबतो तिथे यंत्राने कापलेला भाग आणि ओतीव भाग यांच्यात धारदार पायरी राहते, आणि ती नेमकी त्या आतल्या छोट्या वळणावर येते जिथे हवेला सर्वांत तीव्र वळायचं असतं. ही पायरी मोडून वळण गोलसर करणं, पण त्याची उंची कमी न करणं, हा या सगळ्या खटाटोपाचा गाभा आहे. तिथला जास्त धातू काढला, तर वळण आणखी तीव्र होतं आणि फायद्याऐवजी तोटा होतो.

यावर पहिला आक्षेप असा येतो की कंपनीच्या इंजिनियरांना हे कळत नव्हतं का? कळत होतंच. लाखो हेडं एका ठरलेल्या खर्चात काढताना प्रत्येक पायरी हाताने मोडायला कोणी बसत नाही. त्यांचा आराखडा चुकीचा नव्हता. ओतकाम आणि कटाई यांच्यात तो थोडा हुकतो, आणि मी तो हुकलेला भाग भरून काढतो. म्हणूनच मी कंपनीचा व्यास बदलत नाही. दुसरा आक्षेप शर्यतीच्या चकचकीत हेडांचा. पण मापून काम करणाऱ्यांची परंपरा वेगळं सांगते. जॅग्वारच्या एक्सके इंजिनावर आणि बीएमसीच्या ए-सिरीजवर काम केलेले इंग्लंडचे हॅरी वेस्लेक हवेचा प्रवाह मोजून आकार ठरवत. मिनी गाडीच्या इंजिनावर विस्ताराने लिहिणारे डेव्हिड विझार्डही आकाराला चकाकीच्या आधी ठेवतात. आजच्या सीएनसीवर कापलेल्या शर्यतीच्या हेडांत तर इनलेटमध्ये कटरच्या रेषा मुद्दाम तशाच सोडलेल्या दिसतात.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: घरी मोजायचं कशाने? मापन नसेल तर हे सगळं श्रद्धेवर चालतं, हे मला पूर्ण मान्य आहे. पण घरी निरपेक्ष आकडा नाही मिळाला तरी तुलना नक्की करता येते. व्हॅक्यूम क्लीनर, ठरावीक भोकाची एक पट्टी आणि पाणी भरलेली यू आकाराची पारदर्शक नळी एवढ्यावर तीन पोर्टांची आपापसांत आणि आधी-नंतरची तुलना होते. व्हॉल्व्ह २, ४ आणि ६ मिलिमीटरवर अडकवून प्रत्येक वेळी पाण्याची उंची वहीत लिहायची. हेडच्या चेंबरचं आकारमानही मोजता येतं: वर भोक असलेली ॲक्रिलिकची पट्टी ग्रीसने चिकटवायची आणि ब्युरेटने रॉकेल सोडायचं. हे माप न घेता चेंबर घासणाऱ्यांची मला काळजी वाटते. एका सिलिंडरची जागा सुमारे २६५ सीसी. कॉम्प्रेशन ८.७ धरलं, तर पिस्टन वर असताना उरणारी जागा जेमतेम साडेचौतीस सीसी असते. चमकवण्याच्या नादात एक सीसी धातू गेला, की कॉम्प्रेशन साडेआठच्या खाली येतं. पोर्टमध्ये मिळवलेलं तिथे गेलं.

कायद्याचा प्रश्नही रास्त आहे. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम आणि त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल कंपनीच्या मूळ तपशिलापासून दूर जाणाऱ्या बदलांना आडवा येतो. माझी रेषा अशी: मूळ व्हॉल्व्ह, मूळ व्यास, मूळ क्षमता आणि प्रदूषण चाचणीत उत्तीर्ण होणारा धूर. पायरी मोडणं आणि सीट नीट कापणं हे मी देखभालीत धरतो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढण्याला माझ्याकडे समर्थन नाही.

हाताच्या कामाबद्दल थोडंच. ॲल्युमिनियमसाठी मोठ्या दातांचा कटर हवा, बारीक दातांचा लगेच भरतो. मधूनमधून रॉकेल लावायचं. सीटवर ग्राइंडर घसरू नये म्हणून एक जुना व्हॉल्व्ह बसवून ठेवायचा. पोर्टच्या मागे पाण्याची वाट असते आणि भिंत किती जाड आहे हे बाहेरून दिसत नाही, म्हणून प्रत्येक ठिकाणी कमीत कमी काढायचं. गॅसकेटच्या भोकाला पोर्ट जुळवण्याची पद्धत मी सोडली आहे, कारण गॅसकेटचं भोक अनेकदा दोन्ही बाजूंपेक्षा मोठं असतं. मॅनिफोल्ड आणि हेड एकमेकांना जुळवायचे, आणि एक्झॉस्टला बाहेरचा पाइप हेडपेक्षा जरा मोठा ठेवायचा, म्हणजे उलटा येणारा वायू त्या कडेवर अडतो. शेवटची धुलाई साबणाच्या पाण्याने, ब्रशने आणि मग दाबाच्या हवेने. पॉलिश पेपरचा एक कणही बेअरिंगमध्ये गेला तर हेडवरची सगळी मेहनत फुकट. हेड बसवल्यावर कार्बोरेटरचं मिश्रण नव्याने लावायचं आणि शंभरेक किलोमीटरनंतर तिन्ही प्लग काढून त्यांचा रंग शेजारी शेजारी पाहायचा. तिघांत फरक दिसला, तर वहीतल्या त्या सिलिंडरच्या आकड्यांकडे परत जायचं.