लोंबीला लावलेली पट्टी

विदर्भात वावर म्हणजे शेत. जव्हार तालुक्यातलं वावर हे गाव मात्र महाराष्ट्राला कळलं ते १९९२च्या बालमृत्यूंच्या बातम्यांतून, वावर-वांगणी या जोडनावाने. ती जखम विसरू नये. पण या भागाची ओळख तेवढ्यावरच थांबते, हे मनाला लागतं.

याच भागातल्या डोंगरउतारांवर नागली, वरई आणि भाताचे जुने वाण टिकून आहेत. २०१४ मध्ये राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या पाठबळावर महाराष्ट्र जनुक कोश प्रकल्प सुरू झाला. जव्हारकडे बाएफ संस्थेने शेतकऱ्यांना बरोबर घेऊन काळी कुडई, कोळपी असे भाताचे वाण जपले.

जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात करण्यासारखं काय? पुष्कळ. वाणाची नोंद करताना रोपाची उंची मोजायची, लोंबीला पट्टी लावायची, दाण्याला कुसळ आहे का ते बघायचं, तुसाचा रंग लिहायचा. चिखलात उभं राहून मोजमाप करताना पाठ भरून येते, पण पुस्तकात वाचलेली विविधता तिथे बोटांना लागते. आणि बियाणं नुसतं डब्यात ठेवून भागत नाही. उगवणशक्ती घटते, म्हणून ते पुन्हापुन्हा पेरावं लागतं.

पाड्यावरून शिकायला आलेली मुलगी इथे आधीच पुढे असते. कोणतं भात हळवं म्हणजे लवकर येणारं, कोणतं गरवं म्हणजे उशिरा येणारं, हे तिला आजीकडून ठाऊक असतं. विद्यापीठाच्या नोंदवहीत त्या आजीचंही नाव यायला हवं, वाणाच्या नावाशेजारीच.