अँटेनाखालची जागा

मालवणात वाढलेल्या माणसाला मीठ काय करतं ते शिकवावं लागत नाही. खिडकीचे गज, सायकलची चेन, विहिरीवरची कप्पी, खारा वारा कशालाच सोडत नाही. नौदलात भरती होऊन कोचीला विमानांचं तंत्र शिकलो आणि गोव्यात दाबोळीला, आयएनएस हंसावर रुजू झालो, तेव्हा तोच वारा तिथेही होता. आयएल-३८ विमानं समुद्रावर तासन्‌तास गस्त घालून परतायची, आणि आमचं पहिलं काम त्यांना गोड्या पाण्याने धुण्याचं असायचं.

अशाच एका धुण्यानंतर चीफसाहेबांनी मला विमानाच्या पोटाखाली बोलावलं. त्यांनी एका अँटेनाचे स्क्रू काढले, कडेचं जुनं सीलंट प्लास्टिकच्या पट्टीने सोडवलं आणि अँटेनाचं ते पातं अलगद हातात घेतलं. बुडाखाली पांढरी, पिठूळ भुकटी साचली होती. ती पुसल्यावर खालचा पत्रा दिसला, पोपडे धरलेला. नखाने टोकरलं तर पापुद्रे सुटत होते. भोवतीचा रंग मात्र काल दिल्यासारखा अखंड. “रंगावर जाऊ नकोस रे,” ते म्हणाले, “उघडून बघायचं.” तेव्हापासून माझं सगळं कामाचं आयुष्य या तळहाताएवढ्या जागेभोवती फिरत राहिलं.

दोन पत्रे जोडताना मध्ये रंग आणि सीलंट भरून पाण्याची वाट बंद करता येते. अँटेनाखाली तसं करता येत नाही. वैमानिक टॉवरशी बोलतो तो व्हीएचएफ रेडिओ साधारण ११८ ते १३७ मेगाहर्ट्झवर चालतो. बाहेर दिसणारं पातं त्यातलं अर्धंच काम करतं. उरलेलं अर्धं विमानाचा पत्रा करतो. त्यासाठी दोघांमध्ये वीज बिनअडथळा वाहावी लागते, आणि बहुतेक ठिकाणी अट असते ती २.५ मिलिओहमच्या आत रोध ठेवण्याची. आकाशातली वीज अँटेनावर कोसळली तर तिलाही याच वाटेने पत्र्यात उतरायचं असतं. म्हणून इथला रंग काढून धातू उघडा करावा लागतो. त्या उघड्या धातूशी, दोन वेगळ्या मिश्रधातूंच्या मध्ये, खारं पाणी शिरलं की बॅटरीच तयार होते, आणि तीत झिजतं ते बहुधा ॲल्युमिनियम.

या झिजेची पहिली खूण स्नॅगच्या, म्हणजे बिघाड नोंदवायच्या, वहीत उमटते. रेडिओत खरखर येते, दूरचं स्टेशन तुटक ऐकू येतं, हिमकणांच्या ढगांतून जाताना खरखर वाढते. मग रेडिओचा डबा बदलतात. नवा डबाही तसाच वागतो. चांगले चालणारे डबे असे विनाकारण उतरवलेले मी अनेकदा पाहिले.

१९८८ च्या २८ एप्रिलला हवाई बेटांवर अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ च्या छपराचा मोठा भाग हवेतच उडाला आणि एक हवाई सेविका गेली. बेटाबेटांमधल्या खाऱ्या हवेत त्या विमानाने ८९,६८० उड्डाणं केली होती. पत्र्यांच्या सांध्यांमध्ये शिरलेला ओलावा आणि धातूचा थकवा यांनी मिळून घात केला. तिथे अँटेनाचा संबंध नव्हता, पण झाकलेल्या सांध्यात काय चालतं ते साऱ्या जगाला दिसलं. पुढे जुन्या विमानांसाठी करोजनची, म्हणजे धातूच्या अशा झिजेची, तपासणी सक्तीची झाली.

नौदलातून निवृत्त होऊन मुंबईत नागरी विमानांच्या हँगरमध्ये आलो, तेव्हा पाण्याची दुसरी वाट दिसली. उंचावर बाहेर उणे ५० अंश असतात. प्रवाशांच्या श्वासातली वाफ पत्र्याच्या आतल्या बाजूला गोठते, खाली उतरताना वितळते आणि पोटाकडे ओघळते. त्यात गॅलीत सांडलेला चहा आणि टॉयलेटची गळती मिसळते. पोटावरच्या अँटेना सर्वांत लवकर खराब होतात त्या यामुळे.

दुरुस्तीत खरवडायला पोलादी पट्टी वापरायची नाही; ती पत्र्यावर ओरखडा उठवते. पोलादी काथ्या तर त्याहून वाईट. त्याचे कण मऊ ॲल्युमिनियममध्ये रुततात आणि तिथेच गंजतात. भुकटी पुरती निघेपर्यंत घासायचं, किती पत्रा गेला ते मोजायचं, मग सॉल्व्हंटने कापड स्वच्छ निघेपर्यंत पुसायचं. त्यावर अलोडाइन हे रसायन लावायचं. ब्रश फिरला की काही मिनिटांत पत्र्यावर फिकट सोनेरी झाक चढते. लहानपणी दारी येणारा कल्हईवाला आईच्या पितळी पातेल्याला हेच करायचा: धातू झाकणारा, पण कामाच्या आड न येणारा पातळ थर. अलोडाइनमधून वीज जाते. जुन्या प्रकारात मात्र कर्करोगाला कारण ठरणारं क्रोमियमचं संयुग असतं. हातमोज्यांशिवाय त्याला हात लावायचा नाही.

मग गॅस्केट आणि अँटेना बसवायची, स्क्रू ओल्या सीलंटमध्ये बुडवून आवळायचे, मिलिओहम मोजायचे. शेवटी मास्किंग टेप लावून कडेला सीलंटची सलग रेघ ओढायची आणि ती ओली असतानाच टेप काढायची. बाजारातलं आंबूस वासाचं सिलिकॉन इथे चालत नाही. सुकताना ते ॲसेटिक आम्ल सोडतं.

आता ॲल्युमिनियमच्या जाळीवर चिकट पॉलियुरेथेन जेल चढवलेली गॅस्केट मिळतात. स्क्रू आवळताच जेल फटी भरतं, जाळी दोन्हीकडे धातूला भिडते, सुकण्याची वाट पाहावी लागत नाही. पुढच्या वेळी अँटेना न खरवडता निघते. हा बदल मला मनापासून आवडला, कारण त्यात पुढे ही जागा उघडणाऱ्याचा विचार आहे. तो आपल्याला ओळखतही नसेल, पण आपण हात कसा चालवला ते त्याला त्या पत्र्यावर वाचता येतं.

जिथे अजून सीलंटच वापरतात, तिथे ते पक्कं व्हायला काही तास लागतात, आणि नेमक्या त्याच तासांवर सगळ्यांचा डोळा असतो. विमान उभं राहिलं की पैसे जातात, हे मला मान्य आहे. तरीही वेळापत्रक आखणाऱ्यांनी हे तास आधीच बाजूला काढून ठेवावेत. तंत्रज्ञाला ते मागावे लागू नयेत.