आग्नेयेकडं तोंड केलेली छत्री

२०१९च्या फेब्रुवारीत कारंज्यात केबलच्या बिलावरून जेवढी भांडणं झाली, तेवढी धुऱ्यावरूनही झाली नसतील. १ तारखेपासून दूरसंचार नियामक 'ट्राय'चे नवे दर लागू झाले होते. १०० वाहिन्यांपर्यंतच्या जोडणीचे १३० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे. त्यात सगळं फुकटातलं. झी मराठी, स्टार प्रवाह अशा वाहिन्या हव्या असतील तर प्रत्येकीचे पैसे निराळे. शेजारच्या काकाजींनी वाहिन्यांचा छापील फॉर्म उलटसुलट करून पाहिला आणि केबलवाल्याला परत दिला. "निवडाचं आपणच, पैसे आपणच द्याचे, मंग तू कायले येतं रे?"

गल्लीत तीन-चार घरांवर फ्री डिशच्या छत्र्या आधीपासून होत्या. प्रसार भारतीची ही सेवा डिसेंबर २००४ मध्ये 'डीडी डायरेक्ट प्लस' नावानं सुरू झाली. डबा आणि छत्री एकदाच विकत घ्यायची, दर महिन्याचं भाडं नाही. संत्र्याचा पैसा वर्षातून एक-दोनदाच हातात पडणाऱ्या माणसाला यातलं 'दर महिन्याचं नाही' एवढंच महत्त्वाचं होतं.

"तू चाल माह्यासंगं. ते पोट्टे मले फसवतीन," म्हणून काकाजींनी मला दुकानात नेलं.

काउंटरवर दोन डबे आले. एक स्वस्त, दुसरा चारेकशे रुपयांनी महाग. दुकानदाराचं पालुपद एकच, "दोन्हीत सगळं दिसते जी." सगळं दिसत नसतं. फ्री डिशच्या बऱ्याच वाहिन्या जुन्या एमपीईजी-२ पद्धतीनं येतात, काही एमपीईजी-४ पद्धतीनं. जुना डबा एमपीईजी-४च्या वाहिन्यांना आंधळा असतो, नवा दोन्ही दाखवतो. स्वस्त डब्याच्या खोक्यावर बारीक अक्षरात २ छापलेलं होतं. ते दाखवल्यावर दुकानदार जराही ओशाळला नाही. "गिऱ्हाईक इचारत नाही ना," म्हणाला.

काकाजींना मात्र वेगळीच काळजी. त्यांनी डबा उलटा केला आणि मागची भोकं पाहिली. घरचा टीव्ही जुना, पोटाचा. त्याला लाल-पांढरी-पिवळी वायर लागते. तिसऱ्या एका चकचकीत डब्याला नुसतं एचडीएमआय होतं, तो त्यांनी लगेच बाजूला सारला. बजेटमधला डबा घेताना हे मागचं अंग आधी पाहावं, हे मला कुठल्या जाहिरातीनं सांगितलं नव्हतं. शेवटी दोन्ही सोयींचा, महागातला डबा ठरला. छत्री, एलएनबी आणि वायर धरून बिल दीड हजाराच्या आत बसलं. ग्यारंटीचा विषय काढताच दुकानदार दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळला.

छत्री बसवायला आलेल्या पोरानं स्लॅबवर चढून आधी कडुलिंब पाहिला. फ्री डिश जीसॅट-१५ या उपग्रहावरून येते. हा उपग्रह नोव्हेंबर २०१५ मध्ये सोडला, तो विषुववृत्ताच्या वर ९३.५ अंश पूर्व रेखांशावर असतो. कारंजा साधारण ७८ अंशांवर. त्यामुळं इथून तो आग्नेयेला, क्षितिजापासून जवळपास ६० अंश वर येतो, आणि कडुलिंब नेमका त्याच बाजूला. मग छत्री दुसऱ्या कोपऱ्यात गेली. खाली टीव्हीपुढं काकाजी, वर पोरगा, मध्ये जिन्यात मी निरोप्या. पडद्यावर दोन पट्ट्या असतात, स्ट्रेंथ आणि क्वालिटी. स्ट्रेंथची पट्टी वायर जोडली तरी भरते, छत्री कुठंही का पाहत असेना. काकाजी तीच वाचून "आलं, आलं!" ओरडत राहिले आणि वरचा पोरगा वैतागला. "काकाजी, खालची सांगा, खालची!" नट आवळून झाल्यावर त्यानं पायाशी काँक्रीट टाकायला लावलं. वाऱ्यासाठी असेल असं वाटलं, तर म्हणाला, "वांदरं झुलते."

काकूंना हवी होती झी अनमोल. आठवडाभर त्यांनी ती पाहिली. १ मार्चला स्टार उत्सव, झी अनमोल, सोनी पल आणि रिश्ते या वाहिन्या फ्री डिशवरून गेल्या. काकूंचा पहिला संशय डब्यावर, दुसरा माझ्यावर. फुकटच्या या मांडवात पैसे प्रेक्षक देत नाही, वाहिनी देते. जागेचा लिलाव होतो. वाहिन्यांचे मालक तेव्हा पैशाच्या नव्या दरांकडं वळले होते, त्यांना फुकटातलं दुकान नको झालं. मला हा कावा पटला नाही, पण समजला. काकूंना समजला आणि तरीही त्या महिनाभर चिडून होत्या.

काकाजींचं मात्र फावलं. राष्ट्रीय महत्त्वाच्या क्रीडास्पर्धांचं प्रक्षेपण प्रसार भारतीला द्यावंच लागतं, असा २००७चा कायदा आहे. त्या वर्षीच्या क्रिकेट विश्वचषकात भारताचे सामने दूरदर्शनवर फुकट दिसले. ९ जुलैला न्यूझीलंडविरुद्धचा उपांत्य सामना पावसानं थांबला. आपली छत्री हलली म्हणून काकाजी स्लॅबवर जायला निघाले, तेव्हा पाऊस मँचेस्टरला पडतोय हे त्यांना नातवानं सांगितलं. सामना दुसऱ्या दिवशी संपला, भारत १८ धावांनी हरला.

पुढच्या वर्षी टाळेबंदीत, २८ मार्चपासून 'रामायण' पुन्हा लागलं आणि काकूंचा डब्यावरचा राग निवळला. जून २०२० मध्ये गेलेल्या वाहिन्या परत आल्या, एप्रिल २०२२ मध्ये पुन्हा गेल्या. वाहिन्या आल्या-गेल्या की डब्याला नव्यानं शोध घ्यायला लावावा लागतो, नाहीतर जुनीच यादी दिसत राहते. मेनूतला तो ऑटो स्कॅन काकूंना आता तोंडपाठ आहे. गल्लीतल्या बाया रिमोट घेऊन त्यांच्याकडं येतात, आणि काकू आधी विचारतात, "तुमचा दोनचा हाय का चारचा?"