अंड्यामागचा उजेड

अंधाऱ्या खोलीत गावठी अंड्याच्या रुंद टोकाला बॅटरी टेकवली आणि कडेनं निसटणारा उजेड बोटांनी झाकून घेतला, की तो पांढरा झोत कवचातून पार होता होता रंग बदलतो. ताज्या बाभळीच्या डिंकासारखा तांबूस, दाट होऊन हातात उतरतो. क्षणभर सगळं अंडंच पेटल्यागत होतं. मग डोळे सरावतात. त्या तांबूसपणात बारीक लाल शिरा दिसू लागतात, एका काळसर ठिपक्यापासून निघून चहूकडे पसरलेल्या. आणि आपण श्वास रोखून धरला असेल तरच कळावं इतका तो ठिपका हलतो. पुन्हा हलतो. एवढंच बघायला मी हिवाळ्याच्या रात्री धानोऱ्याच्या घरात, मागच्या खोलीत, दार लावून बसतो.

पौषातल्या रात्री आमच्याकडे लांब असतात. सातपुड्याकडून वारा सुटला की कुत्री चुलीच्या राखेत जाऊन निजतात, अंगणातली भांडी पहाटेपर्यंत गार पडतात, आणि नंदुरबारच्या बाजारातून परतणाऱ्या माणसांच्या कपड्यांना पथाऱ्यांवर वाळणाऱ्या मिरचीचा खाट येतो. अशा रात्री मागच्या खोलीतली थर्माकोलची पेटी मात्र आपल्या आपण उबदार असते. आत एक बल्ब, एक इवलासा पंखा, पाण्याची वाटी, आणि झाकणावर लाल आकडा: ३७.५. आकडा खाली घसरला की बल्ब लागतो, वर गेला की विझतो. झाकणाच्या फटीतून येणारा तो उजेड भिंतीवर उमटतो, मावळतो, पुन्हा उमटतो. अंडी बसवावीत ती थंडीतच. वैशाखात आमच्या खोल्याच चाळिशीच्या वर जातात. तेव्हा टोपलीत नुसती ठेवलेली अंडीसुद्धा अर्धवट जागी होतात आणि अर्ध्यातच विझतात. ऊब वेळेआधी मिळाली तरी जीव जातो, हे मला ह्या पेटीनं शिकवलं.

पण अंड्यामागचा उजेड मी पहिल्यांदा पाहिला तो पेटीत नव्हे, आजीच्या मुठीत.

आमचं जुनं घर कौलारू होतं. दुपारी एक कौल सरकलेलं असायचं तिथून माजघरात एक कवडसा उतरायचा, धुळीचे कण घेऊन, तिरपा, सरळ शेणानं सारवलेल्या जमिनीवर. तो भिंतीकडे सरकायच्या आत आजीला आपलं काम उरकायचं असे. ती टोपली जवळ ओढी, एकेक अंडं मुठीत धरी, मुठीची पोकळ नळी करून ती कवडशात नेई आणि एक डोळा मिटून बघे. बराच वेळ काही बोलत नसे. मग हलकेच म्हणे, “हाई भरेल शे.” भरलेलं अंडं उजवीकडे, वांझ अंडं डावीकडे. मी हट्ट केला की तीच मूठ माझ्या डोळ्याला लावी. मला शिरा दिसत नसत, ठिपका दिसत नसे. दिसायचा तो नुसता तांबूस उजेड आणि तिच्या बोटांच्या कडा, उजेडात रक्ताच्या रंगाच्या झालेल्या. आत काय आहे ते तिला दिसायचं. मला तिचा हात दिसायचा.

खूप पुढे वाचलं, की ॲरिस्टॉटलनंही सुमारे २३०० वर्षांपूर्वी अंड्यात असंच डोकावून लिहून ठेवलं होतं: तीन दिवस, तीन रात्री सरल्या की पांढऱ्यात रक्ताचा एक ठिपका दिसतो आणि तो जिवंतपणी हलावा तसा हलतो. ते वाचलं आणि मला तो विद्वान एकदम आमच्या माजघरात, आजीच्या शेजारी, एक डोळा मिटून बसलेला दिसला. तिनं त्यालाही सांगितलं असतं, जरा सरक, कवडसा चालला.

निवडलेली अंडी खुडूक कोंबडीखाली जात. कोपऱ्यात उताणं ठेवलेलं टोपलं, तळाशी राख, वर भुसा, आणि गडगडाटानं अंडी नासू नयेत म्हणून भुशात खोचलेला लोखंडाचा तुकडा. कोंबडी त्यावर पंख सैल सोडून बसे. डोळे अर्धे मिटलेले, तुरा फिकटलेला, जवळ गेलं की घशातून एक खर्जातला आवाज. एरवी सगळं गाव उकरत हिंडणारी ती, दिवसातून एकदा काय ती उठायची. चार दाणे, दोन चोची पाणी, आणि पुन्हा धावत टोपल्याकडे. तिच्या पोटाखाली हात घातला की चटका बसावा अशी ऊब लागे. कोंबडीचं अंग मुळातच आपल्यापेक्षा गरम, ४१ अंशांच्या आसपास. त्यात छातीवरची पिसं गळून तिथली कातडी उघडी पडते, म्हणजे अंडं आणि तिच्यात पिसाचाही आडपडदा राहत नाही. चोचीनं ती अंडी पुनःपुन्हा फिरवी. कडेची मध्ये, मधली कडेला. कुणालाही थंडीच्या बाजूला फार वेळ राहू देत नसे.

आणि ते टोपलं एकट्या आमच्या घराचं नसे. ज्याच्याकडे कोंबडी खुडूक, त्याच्याकडे आळीतली अंडी. पिल्लं निघाली की निम्मी अंड्याच्या धन्याची, निम्मी कोंबडीच्या घरची. “कोंबडी वाळी गई ना,” आजी म्हणायची. एकवीस दिवसांत कोंबडी खरंच वाळत असे. उचलली की हाताला छातीचं हाड लागायचं. तो वाटा त्या हाडाचा होता.

खुडूकपणा माणसाला नेहमीच परवडत नाही, हेही तितकंच खरं. खुडूक कोंबडी अंडी देणं थांबवते, मग घरात तिला कुणी पाण्यात बुचकळून काढी, कुणी पाय बांधून उन्हात ठेवी, कुणी तिच्याच पिसानं तिचं नाक टोचून तिचं ध्यान उडवी. पुढे गिरिराज आली, वनराज आली, झाबुव्याकडचा काळ्या मांसाचा कडकनाथ आला. गिरिराज-वनराज वजनाला भारी, अंड्यांना बऱ्या, पण अंड्यांवर बसायचं त्यांच्या मनातच येत नाही. आणि कडकनाथाची कोंबडीही बसण्याच्या बाबतीत बेभरवशाची. अंडं घालायचं, मोकळं व्हायचं, पुन्हा मागे वळून बघायचं नाही. ती त्यांची चूक नव्हे. आपल्यालाच तशी कोंबडी हवी होती. आणि मग एक दिवस पिल्लं हवीशी झाली, तेव्हा कोंबडीतून काढून टाकलेलं खुडूकपण आपल्याला थर्माकोल, बल्ब आणि पंखा जोडून पुन्हा उभं करावं लागलं.

उभं राहिलंही, पण सगळं नाही. पेटी ऊब देते. काळजी देत नाही. अंडी फिरवायची दिवसातून निदान तीनदा, नाहीतर आतला जीव कवचाच्या अस्तराला चिकटतो. वाटीतलं पाणी आटू द्यायचं नाही. आणि रात्री दोनला लाइट गेली, तर पंख्याची गुरगुर थांबल्याच्या शांततेनंच जाग येते. मग गोधडी, मग गरम पाण्याच्या बाटल्या, मग काळोखात पेटीवर हात ठेवून बसणं. अशाच एका रात्री आई कंदील घेऊन दारात आली, माझ्याकडे बघत राहिली आणि हसून म्हणाली, “तूच खुडूक व्हई गया.”

इजिप्तमध्ये शेकडो वर्षांपासून मातीच्या मोठाल्या भट्ट्यांत हजारो अंडी उबवत आले. तिथल्या उबवणाऱ्यांकडे ना लाल आकडा, ना तापमापक. ते अंडं उचलून मिटलेल्या पापणीला लावत आणि ऊब बरी की जास्त ते ओळखत. लाइट नसलेल्या त्या रात्री मीही अंडं पापणीला लावून पाहिलं. डोळा मिटलेला, खोलीत काळोख, आणि पापणीवर एक गोल, गुळगुळीत, जिवंत ऊब. उजेड नव्हता. तरी मिटल्या डोळ्याआड तोच तांबूस रंग उमटला, आजीच्या बोटांच्या कडांचा.

हाय! आणि एक हिवाळा सरतानाचा उजेड असाही आहे, की तो आठवू नये. २००६ च्या फेब्रुवारीत आमच्याच जिल्ह्यात, नवापूरला, देशातला पहिला बर्ड फ्लू आला. सुरत-धुळे रस्त्यालगतच्या लांबलचक शेडमधल्या लाखो कोंबड्या तर गेल्याच, पण आसपासच्या घरांच्या खुराड्यांतल्याही गेल्या. तिकडच्या आमच्या एका नातलग बाईच्या टोपल्यात तेव्हा खुडूक बसलेली होती. पांढऱ्या पोशाखातली माणसं आली, रोग पसरू नये म्हणून करायचं ते त्यांनी केलं. त्यांचंही मन त्यात नसावं. पुढे कधीतरी ती बाई सांगत होती, की कोंबडी गेल्यावर तिनं रिकाम्या टोपल्यात हात घातला, तर भुसा अजून गरम होता. सकाळी कोंबडा आरवत नाही, म्हणून गावाला उठायला उशीर व्हायचा, असंही ती म्हणाली आणि उगीच हसली. २०२१ मध्ये नवापूरला तो रोग पुन्हा आला. तरी लोक पुन्हा अंडी बसवतात. काय करतील?

अठराव्या दिवसानंतर अंडी फिरवायची नाहीत. पेटीत पाणी वाढवायचं, झाकण लावायचं, आणि हात मागे घ्यायचे. आजी ह्याच सुमारास एका परातीत कोमट पाणी घेई आणि अंडी अलगद त्यात सोडी. आत जीव असला की तरंगतं अंडं आपोआप डुले, थांबे, पुन्हा डुले. आता बॅटरी लावूनही फारसं दिसत नाही. अंड्यात उजेडाला जागाच उरलेली नसते. सगळीकडे पिल्लू, आणि रुंद टोकाला तेवढी हवेची एक पोकळी, चंद्रकोरीच्या कडेनं उजळलेली. मी ह्या दिवसांत बॅटरी ठेवून देतो आणि कान लावतो. बंद कवचाच्या आतून चिवचिव येते. अजून जगात न आलेल्याचा आवाज. मग चोचीच्या टोकावरचा तो बारीकसा टणक दाणा कवचावर घासला जातो, एक कपची उडते, आणि पुढे तासन् तास काहीच होत नाही. मदत करावीशी वाटते; करू नये. आत ते शिरांमधलं रक्त आवरून घेत असतं, उरलेला बलक पोटात ओढून घेत असतं. त्याच शिदोरीवर पहिले दोन दिवस त्याला दाणा नसला तरी चालतो.

हल्ली आळीतल्या बायका अंडी माझ्याकडे आणून देतात. कुणाच्या अंड्यावर कोळशाची रेघ, कुणाच्या कुंकवाचा ठिपका, कुणाच्या नातवाच्या पेन्सिलीतलं अक्षर. पण खुणा राहतात कवचावर. ओलं, लटपटतं पिल्लू बाहेर पडून वाळलं, फुललं, की ते कुणाचं हे कुणालाच सांगता येत नाही. मग नुसती मोजून वाटणी करतात. परवा शेजारच्या काकूंनी आपली पिल्लं पाटीत घेतली आणि त्यातली निम्मी पुन्हा माझ्यासमोर जमिनीवर सोडली. मी म्हटलं, “काकू, पेटीला कसला वाटा? ती काय वाळली थोडीच?”

“पेटीले नही भाऊ, जागनारले,” त्या म्हणाल्या, पदरानं पाटी झाकली, आणि पुढच्या खेपेची अंडी कधी आणू म्हणून विचारू लागल्या.