मे महिन्यातला काठ

धरणाच्या पाण्यावर शिडाच्या होड्यांचा क्लब काढावा, ही कल्पना बहुतेकांना सप्टेंबरात सुचते. तेव्हा यवतमाळ जिल्ह्यातले पूस धरण भरलेले असते, टेकड्या हिरव्या असतात, वारा अंगावर घेण्यासारखा असतो. अशा वेळी काठावर उभे राहून ‘इथे जेटी, तिथे शेड’ असे बोट दाखवणे सोपे जाते. शिडाच्या होड्यांचे शिक्षण आणि त्यांची देखभाल हा माझा विषय. त्या नात्याने माझा पहिला आक्षेप या बोट दाखवण्यालाच आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या जलाशयावर असा क्लब तगेल की नाही, याचा निकाल मे महिना देतो. त्या महिन्याचा हिशेब आधी मांडला की जागा, बांधकाम, वेळापत्रक आणि खर्च हे सगळेच बदलते. माझे म्हणणे थोडक्यात असे: आपल्याकडे हा क्लब तारखेवर चालवायचाच नाही, पाण्याच्या पातळीवर चालवायचा. जो क्लब उन्हाळ्यात आटोपशीर होऊन जगू शकेल, त्यालाच पावसाळ्यात पसरण्याचा अधिकार आहे.

जलाशयाला आपण सवयीने तलाव म्हणतो आणि तिथेच फसतो. तलावाचा काठ ठरलेला असतो, धरणाच्या पाण्याचा काठ चालत राहतो. आपल्या भागातल्या धरणांपैकी पूसचा उपयुक्त साठा सुमारे 91 दशलक्ष घनमीटर, अरुणावतीचा 170च्या आसपास, बेंबळ्याचा 184च्या आसपास, तर इसापूरचा साडेनऊशेच्याही वर. हे पाणी साठवलेलेच आहे सोडण्यासाठी. कालव्याची आवर्तने सुटतात, पिण्यासाठी उपसा होतो, आणि उरलेल्यातून मे महिन्याचे ऊन रोज सुमारे सेंटीमीटरभर पाणी उडवून नेते. आता भूमिती पाहा. काठाचा उतार पन्नासास एक असेल आणि पातळी सहा मीटर उतरली, तर पाणी तीनशे मीटर दूर जाते. सप्टेंबरात पाण्यात उतरणारी सिमेंटची उतरंड मे महिन्यात भेगाळलेल्या काळ्या मातीत संपते. अमेरिकेतल्या लेक मीड या अवाढव्य जलाशयावरही, पाणी हटत गेले तशा होड्या उतरवायच्या उतरंडी लांबवाव्या लागल्या, काही बंद कराव्या लागल्या. तिथे पैसा होता, तरी ही गत. कोकणातला खलाशी दिवसातून दोनदा काठ हललेला पाहतो, म्हणून त्याची सगळी मांडणी हलत्या काठाची असते. आपल्याकडे भरती वर्षातून एकदाच येते आणि ओहोटी आठ महिने चालते. फरक फक्त वेगाचा आहे, पण संथ असल्यामुळेच ती आपल्याला ओहोटी वाटत नाही.

म्हणून पक्के बांधकाम पूरपातळीच्या वर, आणि तेही एवढेच: एक शेड, एक कुलूपबंद खोली, एक पाण्याची टाकी. बाकी सगळे चाकांवर किंवा तरंगते. लहान मुलांची ऑप्टिमिस्ट होडी क्लार्क मिल्स यांनी 1947 साली फ्लोरिडात आखली. तिची लांबी जेमतेम 2.3 मीटर आणि सांगाड्याचे वजन 35 किलो. ती दोन माणसे सहज उचलतात. मोठ्यांच्या एकट्याने चालवायच्या होडीचा सांगाडा साठ किलोच्या आत असतो आणि हातगाडीवर जातो. प्रश्न वजनाचा नाही, मातीचा आहे. काळी माती एप्रिलमध्ये वरून दगडासारखी वाळते, पण पाण्यालगतच्या पाच-दहा मीटर पट्ट्यात गुडघाभर चिखल कायम असतो. गाडी तिथे रुतते, माणूसही रुततो. या पट्ट्यासाठी बदलता रस्ता हवा. वणीकडच्या कोळसा खाणींच्या प्रदेशात कन्व्हेयरचा जुना पट्टा भंगारात मिळण्यासारखा आहे. त्याचे दोन तुकडे चिखलावर अंथरायचे आणि पाणी हटेल तसे दर आठवड्याला पुढे ओढायचे. दिसायला हे काही शोभिवंत नाही. उद्घाटनाच्या फोटोत ते येणारही नाही, आणि म्हणूनच आराखड्यातून ते नेमके गळते.

वेळापत्रकाचेही तसेच. मुंबई बंदरात पावसाळा आला की शिडे उतरतात आणि मोसम साधारण ऑक्टोबर ते मे असा चालतो. ते वेळापत्रक जसेच्या तसे विदर्भात आणणे म्हणजे पाणी नसताना शर्यती ठेवणे. हैदराबादच्या हुसेनसागरावर जुलै महिन्यात ‘मॉन्सून रेगाटा’ भरते, ते आपल्याला जवळचे उदाहरण. नैऋत्येचा वारा स्थिर, पाणी चढते, ऊन सौम्य. मग उन्हाळ्यात काय? पहाटे जमिनीलगतची थंड हवा पडून राहते आणि पाणी आरशासारखे असते. नऊच्या सुमारास जमीन तापली की वरचा वारा झोतांनी खाली येतो. म्हणजे वारा मिळू लागतो नेमका तेव्हाच, जेव्हा मुलांना पाण्यावरून परत आणायला हवे. दुपारी बेचाळीस-चव्वेचाळीस अंशांत वारा कितीही चांगला असला तरी होडी काढणे हा गुन्हा समजावा. त्यातून कोरड्या गाळावरून निघालेली वावटळ पाण्यावर आली तर तिला दिशा नसते, आणि वळवाच्या ढगाआधी सुटणारे वावधन पाच मिनिटांत डोलकाठी पाण्याला टेकवते. तेव्हा उन्हाळी वर्ग सकाळी साडेपाच ते साडेआठ, हलक्या वाऱ्याचे. यात तोटा नाही. अंगाचा तोल, शिडाचा बारीक ताण, सुकाणूवरचा हलका हात या गोष्टी मंद वाऱ्यातच कळतात. जोराच्या वाऱ्यात होडी चुकाही झाकून नेते.

दिवसाचा उरलेला वेळ देखभालीचा, आणि क्लबचे खरे आयुष्य इथे ठरते. उन्हाळ्यात होड्या झिजतात त्या बहुतांशी उभ्या जागी. फायबरच्या सांगाड्यात कोंडलेली हवा सकाळी पंचवीस अंशांवर असेल आणि उन्हात पासष्टपर्यंत तापली, तर ती सुमारे 13 टक्के फुगू पाहते. बूच घट्ट लावलेले असेल तर हा दाब डेक आणि तळाच्या सांध्यावर येतो. मग पावसाळ्यात ‘होडी आपोआप पाणी पिते’ अशी तक्रार होते. इलाज फुकटचा आहे: पाण्याबाहेर येताच बूच उघडायचे. शिडाचे कापड पॉलिएस्टरचे, त्याचा शत्रू वाऱ्याहून ऊन अधिक. आधी शिवणीचा दोरा कुजतो, मग कापड. शीड काठीवर फडफडत ठेवणे म्हणजे त्याचे वय रोज कमी करणे. ते गोड्या पाण्याने धुवून, सावलीत वाळवून, गुंडाळून ठेवावे. घडी घालू नये, घडीच्या रेषेवर कापड मोडते. काळ्या मातीचा बारीक गाळ कप्प्यांत आणि सुकाणूच्या बिजागरीत बसतो आणि सहाणेसारखा घासतो, म्हणून पाण्याची टाकी ही चैन नव्हे. सुकाणूचा दांडा, काठाची पट्टी यांसाठी जिल्ह्यातले सागवान आहेच. त्याला मे महिन्यात तेल पाजले की जून सोसतो. जीवरक्षक जाकिटेही सावलीतच टांगावीत. उन्हाने विटलेले जाकीट दिसते जाकिटासारखे, पण पट्टा ओढला की शिवण हातात येते. शेडला पत्रा असेल तर त्याखाली तट्ट्या किंवा गवताचा दुसरा थर हवा. नुसता पत्रा म्हणजे होड्यांसाठी भट्टी.

उन्हाळ्याचा आणखी एक उपयोग आहे, आणि तो मला सर्वांत मोलाचा वाटतो. पाणी उतरले की जलाशय आपले पोट दाखवतो. बुडालेल्या शिवारांतल्या विहिरींची तोंडे, घरांचे जोते, बाभळीचे खुंट, जुन्या रस्त्याचा भराव, सगळे उघडे पडते. सप्टेंबरात याच गोष्टी पाण्याखाली मीटरभर असतात आणि होडीच्या तळातून खाली गेलेली फळी त्यांवर आदळते. पोहायला उतरलेले लोकही याच विहिरींत बुडतात. मे महिन्यात पायी फिरून प्रत्येक अडथळ्याची जागा मोबाइलवर नोंदवावी, तो कोणत्या पातळीला झाकला जातो ते लिहावे आणि नकाशा शेडच्या भिंतीवर लावावा. बोटीतून महागड्या यंत्राने करावे लागणारे सर्वेक्षण इथे ऊन फुकट करून देते. हे करताना एक भान हवे. उघडी पडलेली जमीन रिकामी नसते. तिच्यावर गाळपेर असते: टरबूज, काकडी, चारा. ती करणाऱ्यांत धरणात जमीन गेलेली कुटुंबेही असतात. होडीचा रस्ता त्यांच्या बांधावरून ठरवायचा, त्यांना विचारून. कुंपण घालून नाही.

आता आक्षेप. सर्वांत जड आक्षेप तहानेचा. 2018च्या उन्हाळ्यात शहराला पाणी देणारे निळोणा आणि चापडोह हे जलाशय आटले आणि यवतमाळ शहर टँकरच्या मागे धावले. अशा जिल्ह्यात शिडे फडकवणे शोभते का? या प्रश्नाला भावनेने उडवून लावू नये. शिडाची होडी पाणी पीत नाही आणि तेल सांडत नाही, हे उत्तर तांत्रिकदृष्ट्या बरोबर असले तरी अपुरे आहे. सोबतच्या बचाव बोटीला इंजिन असते, आणि बेंबळ्यासारख्या पिण्याच्या पाण्याच्या जलाशयावर ते चार-स्ट्रोकचेच हवे, इंधन भरणे काठापासून दूर हवे. आणि मुख्य म्हणजे थांबायची रेघ आधीच ठरलेली हवी. धरणावर पातळीची रोज नोंद होते. जलसंपदा विभागाशी बोलून एक आकडा ठरवावा. पाणी त्याखाली गेले की होड्या शेडमध्ये, मग तो एप्रिल असो की फेब्रुवारी. वर्गणी भरलेल्यांची नाराजी आकड्यासमोर टिकत नाही, तारखेसमोर टिकते. म्हणूनच मी पातळीचा आग्रह धरतो.

दुसरा आक्षेप, हा श्रीमंतांचा खेळ. मुंबईच्या यॉट क्लबांकडे पाहून तसे वाटणे साहजिक आहे. पण 2023च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत मुलींच्या आयएलसीए-4 या होडीच्या प्रकारात रौप्यपदक मिळवणारी नेहा ठाकूर मध्य प्रदेशातल्या देवास भागातल्या शेतकरी कुटुंबातली. ती शिकली भोपाळच्या मोठ्या तलावावर, समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर. तिथे सरकारने होड्या आणि प्रशिक्षक दिले, हा फरक मान्यच. तरी आपल्याकडे पाणी जाणणारी माणसे मुळात आहेतच. भोई समाजाच्या पिढ्या या नद्यांवर गेल्या. मच्छिमार सहकारी संस्थांची जाळी कुठे आहेत हे विचारल्याशिवाय, आणि बचावाचे काम त्यांच्यातल्याच तरुणांना पगारावर दिल्याशिवाय, मी कोणत्याही क्लबला होडी पाण्यात टाकू देणार नाही. उन्हाळ्यात पाणी आकसते तेव्हा जाळी, मोटरपंपांचे पाइप, म्हशी आणि होड्या एकाच डबक्यात येतात. तिथे आधीच्यांचा मान आधी.

तिसरा आक्षेप पक्ष्यांचा, आणि इथे मी माघार घेतो. इसापूरचे पाणी या भागातले सर्वांत मोठे, शिडांना सर्वांत मोकळे. पण तिथे पक्षी अभयारण्य जाहीर झालेले आहे, आणि हिवाळी पाहुण्यांचे महिने नेमके आपल्या चांगल्या पाण्याचे महिने. इसापूर सोडावे. पूस किंवा अरुणावती पुरे.

राहता राहिला जून. पहिला लोंढा येतो तो बाभळीचे ओंडके, काटेरी फांद्या आणि लालसर गाळ घेऊन. त्या आठवड्यात पाणी चढते, वाराही चांगला सुटतो, मुले अधीर होतात. तरी होड्या बाहेर काढू नयेत. पाणी निवळेपर्यंत दोन माणसांनी वल्ह्याच्या बोटीतून ओंडके काठाला ओढावेत आणि कन्व्हेयरचा पट्टा रोज थोडा मागे, शेडच्या दिशेने सरकवत आणावा. एखादा दिवस विसरले तर तो पाण्याखाली जातो आणि पुढच्या मे महिन्यापर्यंत सापडत नाही.